‘लाज आपल्याच मनात असते’ म्हणे!

मोंढ्यावरचा: काल इथं एका ताईंनी लिहिलं, ‘स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असला तरी मुलाखतीत बिनधास्त सांगा, लाज आपल्याच मनात असते.’ डोकंच फिरलं. अकरा वर्षं गोळ्या खातोय. वाळूजला एका कंपनीत सांगून पाहिलं. साहेबांनी माझ्यापुढचा चहाचा कप हळूच स्वतःकडं ओढला. ती लाज कुणाच्या मनातली? रात्रीच्या गोळीनं सकाळी नऊपर्यंत डोळा उघडत नाही. पहिली पाळी नको म्हणावं तर कारण सांगा, कारण सांगावं तर कप सरकतो. आता लातूरच्या मोंढ्यात आडतीवर सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या लिहितो. दुपारची गोळी ‘पित्ताची’ म्हणून घेतो. सुखी आहे.

परभणीची ताई: ते मीच लिहिलं होतं. ‘पित्ताची’ म्हणताय, मग ही लाज नाही तर काय दादा? माझा भाऊ जालन्याला स्टील कारखान्यात होता. ‘सगळ्यांना कळलंय’ म्हणून स्वतःच राजीनामा देऊन आला. कुणाला काही कळलेलं नव्हतं! तीन वर्षं झाली, जाहिरात दाखवली की ‘मला कोण घेतंय’ म्हणून कूस बदलतो.

नांदेडकर: २०१६ चा दिव्यांग कायदा वाचा आधी. दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी भरतीतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का मानसिक आजारासह काही गटांना मिळून आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा.

बीडचा बाप: काढा म्हणे! पोरासाठी दवाखान्यात सहा खेपा घातल्या. तिथं म्हणतात, ‘नीट बोलतोय की हा, कसला दिव्यांग?’ कार्डाच्या फायद्याला ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. गोळ्या खाऊन बरा दिसला की टक्के भरत नाहीत, गोळ्या सोडल्या की घर डोक्यावर घेतो. अन् आमच्याकडं मोबाइलवर रमी खेळणारे ‘अंध’ म्हणून नोकरीला लागले!

नांदेडकर: बोगसचा विषय वेगळा आहे.

बीडचा बाप: वेगळा कसा ओ? जागा तर तीच खाल्ली ना? कायदा शिकवायलेत! सहा वेळा एसटीनं या माझ्यासंगं, मग बोलू.

परभणीची ताई: आमची आई तर कार्ड काढूच देत नाही. धाकटीचं जमवायचंय. ‘सोयरे विचारतील.’

नांदेडकर: बरं बाबा, चुकलो. कार्ड फाडून टाका सगळ्यांनी.

बीडचा बाप: आधी मिळू तर द्या!

मोंढ्यावरचा: विषय कुठल्या कुठं नेला राव. ताई, एक राहिलं सांगायचं. कप ओढला खरा, पण निघताना साहेब म्हणाले होते, ‘सोमवारी कागदं घेऊन या.’ मी गेलोच नाही. घ्या, झालं समाधान?