एका किडनीत तीन गाठी: मोठीच काढायची की सगळ्या?

काचपट्टी: समजा साठीतला रुग्ण आहे. उजव्या किडनीत कर्करोगाचा संशय असलेल्या ४.२, २.१ आणि १.१ सेंमीच्या तीन गाठी, डावी किडनी ठणठणीत, इतरत्र पसरलेलं काही नाही. एवढ्यावर अजूनही 'किडनीच काढून टाका' म्हणतात, ते मला पटत नाही. मोठी तेवढी काढा, बाकीच्या दोन नजरेखाली ठेवा. लहान गाठी सरासरी वर्षाला २-३ मिमी वाढतात.

कात्री: किडनी वाचवा, मान्य. पण पोटात शिरल्यावर २.१ची सोडून यायचं कशाला? पुढे त्याच किडनीवर पुन्हा जाल तेव्हा भोवतालची चरबी घट्ट चिकटलेली असते, धमनी मोकळी करतानाच रक्तस्राव होतो. पृष्ठभागावरची लहान गाठ आधी, धमनीला क्लॅम्प (रक्तपुरवठा थांबवणारा चिमटा) न लावताच सोलून घ्या. मग क्लॅम्प लावून मोठी काढा आणि २५ मिनिटांच्या आत शिवून मोकळे व्हा. थेट किडनीवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला विसरू नका, सीटीत न दिसलेली चौथी तिथेच सापडते.

राखाडी_छटा: पण १.१ची गाठच आहे, सिस्ट (पाण्याची पिशवी) नाही, हे कोणी ठरवलं? सीटीत कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते उजळवणारं औषध) देण्याआधी आणि नंतरच्या मापात २० हाउन्सफिल्डपेक्षा (सीटीवर घनता मोजायचं एकक) जास्त फरक हवा. १० ते २० म्हणजे अधांतरी. आत दडलेली छोटी सिस्ट शेजारच्या उजळ किडनीमुळे खोटीच उजळलेली दिसते. पॅपिलरी (किडनीच्या कर्करोगाची एक जात) गाठीचं उलट, ती मुळात कमी उजळते. आधी एमआरआय करा, मग भांडा.

नवा_रेसिडेंट: तिन्हींची बेरीज ७.४, म्हणजे टी२ए (गाठीच्या मापावरून ठरणारा टप्पा) ना?

काचपट्टी: बेरीज करत नाहीत हो. सर्वांत मोठीचं माप धरायचं: टी१बी, आणि पुढे कंसात 'एम', म्हणजे एकाहून जास्त गाठी. कात्री, २.१ची पृष्ठभागावर असेल तर माझी हरकत मागे. आत रुतलेली असेल तर नाही.

वंशवेल: तुम्ही दोघंही सेंटिमीटरवर भांडताय. साठी उलटलेली असली तरी एकाहून जास्त गाठी हे जनुक-तपासणीला पुरेसं कारण आहे. व्हीएचएल (गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार) निघालं तर सर्वांत मोठी ३ सेंमीला पोचेपर्यंत थांबता येतं. एफएच जनुकाचा दोष निघाला तर १ सेंमीचीही सोडायची नाही, आणि नुसती सोलायचीही नाही, भोवतालचा निरोगी भाग घेऊन काढायची. कातडीवर गाठी, घरातल्या बायकांना कमी वयात फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), ही या दोषाची चिन्हं विचारायला दोन मिनिटं लागतात.

कात्री: म्हणजे आधी मोठीची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी)?

काचपट्टी: मोठीची बायोप्सी मोठीपुरतीच. एका किडनीतल्या गाठी बहुधा एकाच जातीच्या निघतात, पण क्रोमोफोब जातीच्या कर्करोगाशेजारी ऑन्कोसायटोमा ही निरुपद्रवी गाठही बसलेली असते. शिवाय एकाच गाठीच्या दोन टोकांची ग्रेड (आक्रमकपणाची पातळी) वेगळी असू शकते. सुई नेमकी सौम्य भागात गेली तर रिपोर्ट फसवा. करायचीच तर मोठी आणि २.१ची, दोन्हींची करा, आणि नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवा. एकाच बाटलीत आले तर कुठला तुकडा कुठल्या गाठीचा, हे मला सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही.