शब्दचर्चा : ‘निष्णात’, ‘तज्ज्ञ’ आणि मूत्रपिंडातला ‘पिंड’

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. गेल्या आठवड्यात आत्याला दवाखान्यात घेऊन गेले होते. तिच्या कमरेत उजवीकडून कळ निघायची ती थेट जांघेपर्यंत उतरायची, लघवीही लालसर होत होती. इमारतीच्या जिन्यापाशी डॉक्टरांच्या पाट्या एकाखाली एक लावलेल्या, सगळ्या गुजरातीत. ‘किडनी रोग निष्णात’ दिसलं आणि आम्ही तिसरा मजला गाठला. पावणेदोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, “पथरी वाटते. मी औषधांनी उपचार करणारा नेफ्रॉलॉजिस्ट. तुम्ही यूरोलॉजिस्टना दाखवा, खालच्याच मजल्यावर आहेत.” त्यांची पाटी आम्ही येताना वाचली होती : ‘किडनी, मूत्रमार्ग, प्रोस्टेट’. प्रोस्टेट वाचून हे पुरुषांचे डॉक्टर असतील असं धरून आम्ही वर गेलो होतो. आत्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

घरी आल्यावर मराठी शब्द पाहिले. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि यूरोलॉजिस्ट म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ. फरक एका ‘पिंडा’चा, आणि तो पिंड तर दोघांच्याही कामात येतो! मग मुतखडा झालेल्या माणसानं यातून काय ओळखायचं? याहून उलगडा करणारा शब्द मराठीत आहे का?

दुसरी शंका ‘निष्णात’ची. आपण मराठीत ‘निष्णात डॉक्टर’ म्हणतो ती स्तुती. इथल्या पाट्यांवर मात्र ‘बाळरोग निष्णात’ म्हणजे नुसता बालरोगतज्ज्ञ. पुण्याहून आलेल्या माझ्या वहिनीला वाटलं, हे डॉक्टर स्वतःच स्वतःला निष्णात म्हणवतात की काय.

*

ताई, मी सयाजी हॉस्पिटलात नर्स होते, आता निवृत्त आहे. तुमच्या आत्यांसारखे कितीतरी पेशंट चुकीच्या ओपीडीच्या रांगेत बसलेले पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही अवयवांना दोन डॉक्टर असतात, एक औषधांचा आणि एक ऑपरेशनचा. मूत्रपिंड त्यातलंच. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, डायलिसिस लागलं, तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, लघवी अडणं, प्रोस्टेट, मूत्राशयातली गाठ, यासाठी यूरोलॉजिस्ट. तो सर्जन असतो आणि बायकांनाही तपासतो. मेंदूचंही तसंच : फिट, अर्धांगवायू, कंपवात न्यूरॉलॉजिस्टकडे, आणि ऑपरेशनची वेळ आली की न्यूरोसर्जन. हृदयात थोडी गल्लत होते, कारण अँजिओग्राफी आणि स्टेंट कार्डिओलॉजिस्टच करतो. बायपास करतो तो हृदयाचा सर्जन.

डोळे, कान-नाक-घसा, हाडं, बायकांचे आजार, इथे औषध आणि ऑपरेशन एकाच हातात. म्हणून ‘डोळ्यांचे डॉक्टर’ म्हटलं की काम भागतं. ‘हाडांचे डॉक्टर’ म्हणताना अनुस्वार मात्र सोडू नका. ‘हाडाचा डॉक्टर’ म्हणजे ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो तसा, रक्तातच डॉक्टरकी असलेला. हाडवैद्य तर आणखी वेगळा.

आणि इथे एका शब्दाला फार जपावं लागतं, तो म्हणजे ‘भूलतज्ज्ञ’. गुजरातीत भूल म्हणजे चूक, एवढंच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका मराठी आजींना मी म्हटलं, “सकाळी भूल देणारे डॉक्टर येतील.” शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बेन घाबरून उठूनच बसल्या. त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. तेव्हापासून मिश्र वॉर्डात मी ‘एनेस्थेसियाचे डॉक्टर’ असंच म्हणत आले.

*

व्युत्पत्तीपुरतं माझं. ‘तज्ज्ञ’ म्हणजे तत् + ज्ञ, ‘ते जाणणारा’. म्हणून त्यात ‘ज्’ हवाच, ‘तज्ञ’ चूक. ‘निष्णात’ हा ‘स्ना’ धातूवरून, त्या विद्येत पुरता न्हालेला. गुजरातीत ते नाम झालं, मराठीत विशेषण राहिलं. मूळ अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे, तेव्हा वहिनींना सांगा, त्या पाटीत बढाई काही नाही.

सिस्टर म्हणतात ती औषध-ऑपरेशनची वाटणी जुनी आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत कायचिकित्सा वेगळी आणि शल्य वेगळं. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला काटा, बाणाचं टोक. ते काढणारा तो शल्यचिकित्सक. मुतखडा हेही एक रुतलेलं शल्यच की! सुश्रुतसंहितेत तो ‘अश्मरी’ या नावानं येतो आणि तो शस्त्रानं काढायची रीतही तिथे दिली आहे. म्हणून मी यूरोलॉजिस्टला ‘मूत्रशल्यचिकित्सक’ म्हणेन. त्यात निदान सर्जन असल्याचं कळतं.

*

काका, शब्द अर्थाला नेमका आहे, पण आत्याला म्हणून पाहायला सांगितलं तर ‘शल्य’पाशीच अडखळली. मनात सलणारं दुःख, एवढाच शल्याचा अर्थ तिला ठाऊक. तिला ‘मूत्रमार्गाचे सर्जन’ लगेच समजलं. मी तेच वापरणार, आणि दुसऱ्याला ‘किडनीचे औषधवाले डॉक्टर’. कोशात शोभणार नाही, पण जिन्यापाशी उभं असताना उपयोगी पडेल.

सिस्टर, तुमचं उत्तर मोठ्या अक्षरात उतरवून फ्रिजवर लावलंय. सोनोग्राफीत खडा ५ मिलिमीटरचा निघाला. आपोआप पडेल, भरपूर पाणी प्या, म्हणालेत. आत्या तांब्या उशाशी घेऊनच झोपते.