२६ जानेवारीला मुलांना घटनेबद्दल नेमकं काय सांगावं? (इंदूर)

रविवारची_शाळा, इंदूर
नमस्कार मंडळी. आम्ही इथे रविवारी मराठीचा वर्ग घेतो, आठवी ते दहावीची मुलं, घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी-इंग्रजी. यंदा २६ जानेवारीचा कार्यक्रम माझ्याकडे आलाय. परवा सहज विचारलं की २६ जानेवारीला काय झालं होतं, तर बऱ्याच मुलांनी सांगितलं की इंग्रज गेले. उरलेल्यांनी उद्देशिका घडाघडा म्हणून दाखवली, पण ती कोणी लिहिली, किती वाद घालून लिहिली, काहीच पत्ता नाही. आणि मुलांना तरी कशाला नावं ठेवायची, घ्यायला आलेल्या पालकांना विचारलं तर तेही एकमेकांकडे बघायला लागले. भाषण ठेवायचं नाहीये, तास-दीड तास आहे, मराठीतूनच करायचंय. सुरुवात कुठून करू?

छावणीवाला
ताई, सुरुवात सरवटे बस स्टँडपासून करा. सगळी मुलं तिथून उज्जैनची नाहीतर देवासची बस पकडतात, पण सरवटे कोण हे विचारून बघा. विनायक सीताराम सरवटे, आपले तात्या सरवटे, हे मध्यभारताकडून, म्हणजे इंदूर तेव्हा ज्या राज्यात होतं तिथून, घटना समितीत सदस्य होते. इंदुरातला मराठी माणूस देशाची घटना करणाऱ्या सभागृहात बसला होता, आणि आपण त्याचं नाव फक्त रिक्षावाल्याला सांगतो याचं मला फार वाईट वाटतं. बाल निकेतनच्या शालिनीताई मोघे त्यांच्याच कन्या, हे जुन्या लोकांना आठवत असेल.
दुसरं नाव दीनानाथ भार्गव. घटनेच्या मूळ हस्तलिखिताची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली, त्यात राजमुद्रेतल्या सिंहांचं चित्र काढणारे हे. तेव्हा विशीतले होते, खरे सिंह कसे बसतात-उठतात हे बघायला कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जायचे. नंतर इंदुरातच राहिले, २०१६ मध्ये इथेच गेले. आणि महू तर तासाभरावर, बाबासाहेबांचं जन्मस्थान, १४ एप्रिल १८९१. एवढं सगळं घराच्या अंगणात असताना मुलांना दिल्लीची गोष्ट सांगायची गरजच काय.

लष्करकर, ग्वाल्हेर
जमलं तर मुलांना एकदा इकडे ग्वाल्हेरला आणा. महाराज बाड्यावरच्या केंद्रीय पुस्तकालयात घटनेची प्रत आहे, मूळ हस्तलिखितावरून डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाने ज्या छापल्या त्यातली. प्रेम बिहारी नारायण रायजादांचं अक्षर, पानापानावर चित्रं आणि शेवटी सदस्यांच्या सह्या. ती उद्देशिका नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते, त्यात समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि अखंडता हे शब्द नाहीत, ते १९७६ ला बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. मुलं जी पाठ करतात ती दुरुस्तीनंतरची. मग मुलं आपोआप विचारतात, घटना बदलता येते? कोण बदलतं? तिथून पुढे बोलायला सोपं जातं.

निवृत्त_शिक्षिका, इंदूर
वरचं सगळं चांगलं आहे पण मला थोडं वेगळं वाटतं. नावं आणि चित्रं सांगून मुलांना अभिमान वाटेल, घटना कळणार नाही. आयुष्यभर शिकवलंय म्हणून सांगते, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, ३९५ कलमं, ८ परिशिष्टं, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं आणि पेपर दिला की पुसलं जातं. मुलांच्या स्वतःच्या घराला लागू होणारं कलम त्यांच्या हातात द्या.
तुमच्याच वर्गाचं बघा. मध्यप्रदेशात आपण मराठी भाषिक अल्पसंख्य आहोत. कलम २९ म्हणतं की वेगळी भाषा, लिपी, संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जपण्याचा हक्क आहे. कलम ३० म्हणतं की अल्पसंख्याकांना, धर्माचे असोत की भाषेचे, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येतात. आणि ३५०क, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने पुरेशा सोयी करायचा प्रयत्न करावा असं सांगतं. हे कलम मुळात नव्हतं, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं, राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाच. मध्यभारत संपून इंदूर मध्यप्रदेशात गेलं तेच हे वर्ष. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्यासारख्या लोकांचा विचार करून कोणीतरी कायद्यात ओळ घातली, हे कळलं की मुलगा पुढचं पान स्वतःहून उलटतो.
मूलभूत हक्क मराठीत मिळतात, केंद्राच्या विधी विभागाने मराठी प्रत काढलेली आहे. २९ आणि ३० च्या झेरॉक्स वाटा आणि मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या.

रविवारची_शाळा, इंदूर
ताई, ३५०क मलाच माहीत नव्हतं!! आम्ही इतकी वर्षं वर्ग चालवतो आणि आपल्याच भाषेसाठी घटनेत काय आहे हे कधी उघडून बघितलं नाही कोणी. हेच मधोमध ठेवते, सरवट्यांपासून सुरुवात. पण मोठी मुलं नुसतं ऐकून कंटाळतील, त्यांना काय काम देऊ?

दांडिया_बाजार, बडोदा
मुलींना हंसा मेहतांवर बोलू द्या. घटना समितीत १५ बायका होत्या त्यातल्या या एक, वडील मनुभाई मेहता आमच्या बडोद्याचे दिवाण. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनी सभागृहाला दिला. पुढे आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आणि नंदलाल बोसांचं नाव वर आलंच आहे तर सांगते, इथल्या कीर्तिमंदिरात त्यांची भित्तिचित्रं आहेत, फोटो दाखवता येतील.

छावणीवाला
मोठ्या मुलांना चर्चा वाचायला द्या. घटना समितीतली भाषणं हिंदी-इंग्रजीत नेटवर आहेत. एक प्रसंग खास मुलांसाठी आहे, १७ ऑक्टोबर १९४९, उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत, जे पुढे होशंगाबादचे खासदार झाले, त्यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. हृदयनाथ कुंझरूंनी कडक विरोध केला, पूर्णिमा बॅनर्जींनी विनंती केली की ईश्वराला मताला टाकू नका, तरी कामतांनी मतदान मागितलं. ४१ बाजूने, ६८ विरोधात, सूचना पडली.
मुलांना हा निकाल आधी सांगू नका. दोन गट करा, एक कामतांचा, एक कुंझरूंचा, पंधरा-पंधरा मिनिटं बोलू द्या, मग हात वर करून मत घ्या आणि त्यानंतरच १९४९ चे आकडे फळ्यावर लिहा. पालकांना मागच्या रांगेत बसवा पण मध्ये बोलू देऊ नका.