अनुभव धागा : इंदुरात कॉफीचं छोटं दुकान

मी आणि माझा भाचा मिळून कॉफीचं छोटं दुकान काढायच्या बेतात आहोत. दहा-बारा खुर्च्या, एक मशीन, घरचा केक, बास. दोन जागा डोळ्यापुढे आहेत. एक लोकमान्यनगरात आमच्याच घराचा पुढचा भाग, दुसरा भंवरकुआँकडे भाड्याचा गाळा. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यात सगळे हिशेब बंगळुरू-पुण्याचे. सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, अशा गावात माणूस कॉफी प्यायला येतो तरी कधी, हे त्यात कोणी सांगत नाही. ज्यांनी दुकान चालवलं, बंद केलं किंवा विचार करून सोडून दिलं, त्यांनी इथे लिहा. उपदेश नको, काय झालं ते सांगा. नाव नको असेल तर नुसता मोहल्ला लिहा.

भंवरकुआँ

ताई, इकडे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला हिशेब ठरलेला असतो: कोचिंगची इतकी पोरं, म्हणजे गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. पोरं आहेतच. पण अभ्यासाला त्यांना आपली जागा लागत नाही. गल्लोगल्ली ‘लायब्ररी’ आहे, महिन्याची फी भरली की खुर्ची, एसी, वायफाय सगळं मिळतं. आपल्याकडे ती बोलायला येतात. पीएससीवाली पाच जणं येणार, दोन कोल्ड कॉफी घेणार आणि पाच स्ट्रॉ मागणार. प्लास्टिकच्या स्ट्रॉ जुलै २०२२ पासून बंद, त्यामुळे कागदी द्यायच्या. त्यांचा गप्पांच्या ओघात लगदा होतो, की पुन्हा पाच.

आणि कोल्ड कॉफी म्हणजे आपली इंदुरी, आइस्क्रीम घातलेली, चमचा उभा राहील अशी. मी एस्प्रेसो, दूध आणि बर्फ घालून पातळ दिली तर एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, “भिया, इसमें पानी ज्यादा हो गया.” आता दोन्ही ठेवतो. जाड जास्त खपते, पातळ मी पितो.

आकडे सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. एका कपाला एक डबल शॉट एस्प्रेसो, त्याला १८ ग्रॅम पूड. किलोत कागदावर पंचावन्न शॉट बसतात. पण सकाळी ग्राइंडर लावताना दोन-चार वाया जातात, म्हणून पन्नासच धरायचे. बिया हजार रुपये किलो पकडल्या तर कपात वीस रुपयांची कॉफी. दूध, साखर, कप, टिश्यू मिळून आणखी वीस. शंभराला विकला तर हातात साठ. भाडं रोजचं हजार, दोन पोरांचा पगार रोजचा हजार, वीज दोनशे. म्हणजे सदतीस कप जाईपर्यंत आपण फुकट उभे. दिवाळी, होळी आणि मे महिन्यात पोरं घरी जातात. भाडं कुठे जात नाही.

रामबाग

माझं दुकान म्हणजे खिडकी. बसायला ओटा आहे तेवढाच. मशीन घेतलंच नाही, स्टीलचे फिल्टर आहेत. रात्री पूड भरून वरून उकळतं पाणी घालून ठेवायचं, पहाटेपर्यंत डिकॉक्शन उतरतं. पूड चिकोरी घातलेली घेते, ऐंशीला वीस. नुसत्या कॉफीचं डिकॉक्शन इकडच्या लोकांना पातळ वाटतं. दूध मात्र म्हशीचं नको, साय कॉफीवर चढते आणि वास दबतो.

सकाळी सातला पहिला माणूस येतो तो विचारतो, “पोहे नाहीत?” दुसराही तेच विचारतो. मी नाही ठेवले. समोरच ठेला आहे, त्याचे पोहे माझ्या हातून होणार नाहीत. शेव आणि जीरावन मसाला घातलेली पोह्यांची पुडी घेऊन लोक माझ्या ओट्यावर येतात, वर कॉफी घेतात. ठेलेवाले दादा मला गिऱ्हाईक पाठवतात, मी त्यांना. सकाळची वेळ पोह्यांशी भांडून मिळत नाही, त्यांच्या शेजारी बसून मिळते. साडेदहाला खिडकी बंद. पुन्हा चार ते सात. ‘सानंद’ संस्थेच्या मराठी नाटकाचा प्रयोग असला की त्या संध्याकाळी मंडळी लवकर येतात आणि घाईत असतात, तेव्हा आधीच भरून ठेवायचं.

घरचाच पुढचा भाग आहे तर आधी हेच करून बघ गं. पाहुणे दिवाणखान्यात येतात तसे गिऱ्हाईक येऊन बसले की उठवायची मात्र चोरी होते, हे घरातल्यांना सांगून ठेव.

विजयनगर

आमचा सगळा बेत रात्रीवर होता. २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेच्या रस्त्याकडेची दुकानं रात्रभर उघडी ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी गाळा घेतला. आयटीवाल्यांच्या शिफ्ट सुटायच्या, दीड-दोनला टेबलं भरायची. सराफ्यात खाऊन आलेला माणूस साखर न घातलेली काळी कॉफी मागतो, हा शोध तिथेच लागला. २०२४ मध्ये ती मुभा काढून घेतली आणि आमची सर्वांत चांगली वेळ गेली. त्यामागची कारणं असतील, वाद घालत नाही. पण ज्या तासांवर भाडं ठरवलं ते तासच राहिले नाहीत. दुपारची दोन ते पाच भरून काढायला खूप केलं: सँडविच, बोर्ड गेम, ऑफिसांना थर्मास. त्यातल्या थर्मासनेच काय ते तारलं. आज आमच्या विक्रीतला मोठा भाग दुकानात बसून पिणाऱ्यांचा नाहीच.

सुदामानगर

मी कॅफेंची मशीनं दुरुस्त करतो. ताई, मशीन कुठलं हे नंतर विचारा, आधी पाणी बघा. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी टाकीत बोरिंगचं मिसळतं, आणि मशीनला जोडणी त्याच टाकीची असते. बोरिंगचं पाणी जड. बॉयलर उघडला की आत पांढरा थर, खडूसारखा. कॉइल त्यात गाडलेली. वाफेच्या नळीचं भोक बुजतं, मग दुधाला फेस येत नाही आणि सगळे दूधवाल्याला बोलतात.

उलट, घरचा आरओ लावून एकदम हलकं पाणी दिलं तरी बरं नाही. कॉफी मचूळ लागते, बॉयलरचा धातूही खराब होतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोनशे रुपयांत मिळतो. शंभर-दीडशेच्या आसपास राहील असं मिश्रण करणारा फिल्टर बसवा. नऊ बारचा दाब, पंचवीस-तीस सेकंदांचा शॉट, हे सगळे पाठ करून येतात. पाण्याचं विचारलं की गप्प.

आणि वीज. एका ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायचं एकच तोंड असलेलं मशीनही तीन किलोवॅटपर्यंत ओढतं, वर ग्राइंडर, फ्रिज, एसी. घरगुती मीटरवर दुकान चालत नाही, कमर्शियल कनेक्शन घ्या आणि लोड आधी मंजूर करून घ्या.

स्नेहलतागंज

बायकोचं दुकान आहे, कागद मी सांभाळतो. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, एफएसएसएआयचं खाद्यपदार्थांचं लायसन्स, नगर निगमचं ट्रेड लायसन्स. गाणी लावणार असाल तर त्याचं वेगळं लायसन्स. जीएसटीची नोंदणी वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. घेतलीत तर साध्या पद्धतीत गिऱ्हाइकाकडून ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे मशीनच्या बिलावर भरलेले १८ टक्के परत येत नाहीत, ते मशीनच्या किमतीतच धरा. कोटेशनमध्ये ‘टॅक्स एक्स्ट्रा’ लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष जात नाही.

कचऱ्याचं वेगळं सांगायला नको, इंदूर आहे. कॉफीचा चोथा ओल्यात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तो ओल्यात टाकलात तर गाडीवालाच परत करतो. आम्ही बसणाऱ्यांना काचेचे ग्लास देतो. धुवायला एक बाई वाढली, तरी परवडतं.

जेल रोड

मी दुकानदार नाही, पिणारा आहे. इंडियन कॉफी हाऊसमध्ये उमेदीची वर्षं काढली. एका कॉफीवर चार जण, आणि तुरेवाल्या पगडीतल्या वेटरने कधी उठा म्हटलं नाही. पण ते पाहून हिशेब मांडू नका. कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकात कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. आपल्याकडची जबलपूरच्या सोसायटीची. तिथे वेटरच मालकीत भागीदार. तुमच्याकडे उठा म्हणायची पाळी तुमच्या भाच्यावर येणार, आणि समोर बसलेला मी असेन.

अन्नपूर्णा रोड

मी काढलं नाही. गाळा पसंत होता, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी समोर उभं राहून येणारे-जाणारे मोजले होते. घरमालक अकरा महिन्यांचाच करार म्हणाले. फरशी, प्लंबिंग, काउंटर यांवर पैसे मी घालायचे आणि अकरा महिन्यांनी भाडं ते सांगतील तेवढं. मी तीन वर्षांचा नोंदणी केलेला करार मागितला, वाढ किती तेही लिहून द्यायची तयारी दाखवली. “बेटा, आपल्यात कागद कशाला?” म्हणाले. उठून आलो. आता चिकमगळुरूहून कच्च्या बिया आणून घरी भाजतो आणि तीन-चार दुकानांना देतो. भाजल्यावर आठवडाभर राहू दिलेल्या बिया मशीनला बऱ्या चालतात, महिन्याच्या वर ठेवू नका, एवढं गिऱ्हाइकांना सांगून थकलो.

लोकमान्यनगर (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, भाच्याला दोनदा वाचायला लावलं. तूर्त मशीनचं कोटेशन बाजूला ठेवलंय, टीडीएस मीटर मागवलाय. आमच्या टाकीचं आज ६२० आलं. सुदामानगरवाले दादा, हे नर्मदेच्या दिवशीचं आहे की बोरिंगच्या, ते उद्या पुन्हा मोजून लिहिते. भंवरकुआँवाल्या भियांना एकच विचारायचंय: प्लग पॉइंट किती टेबलांना ठेवलेत?

भंवरकुआँ

दोन. दोन्ही काउंटरसमोर.