नोटपॅडमध्ये चालतं, गेममध्ये नाही?
@वरचा प्रतिसाद: ऑटोहॉटकीने (कीबोर्डवरच्या कींचं काम बदलणारा विंडोजवरचा प्रोग्रॅम) बदललेली की नोटपॅडमध्ये चालते पण गेममध्ये नाही म्हणताय, तर आधी गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू आहे का बघा. असेल तर ऑटोहॉटकीही तशीच चालवा, नाहीतर विंडोज तिला गेमपर्यंत पोचू देत नाही.

दुसरं कारण मी कोथरूडला भाच्याच्या कीबोर्डवर पाहिलं. डाव्या बाणाची की मेली होती, म्हणून ‘जे’ला ते काम दिलं. तरी गाडी वळेना! मी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ऑटोहॉटकीला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ‘सेंड’ ही आज्ञा लिहिली होती. त्यात की क्षणात दाबून सुटते आणि गेमला कळतच नाही. त्याऐवजी सरळ रीमॅपची, म्हणजे एका कीला दुसरीचं काम देणारी, ओळ लिहिली. त्यात बोट उचलेपर्यंत की दाबलेली राहते. पोरगं काय खूश झालं!

ऑनलाइन गेम असेल तर मात्र आधी त्याचे नियम वाचा, काही अँटीचीटना (गेममधली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमना) स्क्रिप्ट चालत नाही.