‘पिअर सपोर्ट ग्रुप’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: व्यसनमुक्ती)

शब्दवेडी: व्यसनमुक्तीवरची एक माहितीपत्रिका मराठीत करतेय. ‘पिअर सपोर्ट ग्रुप’ (एकाच त्रासातून जाणारे लोक एकमेकांना सावरतात तो गट) पानोपानी येतो. हाताशी असलेल्या मसुद्यात ‘समवयस्क आधार गट’ केलंय. पण तिथे विशीतला पोरगा आणि साठीतले काका शेजारी बसतात, वयाचा काय संबंध? ‘स्वमदत गट’ चालेल?

नागपूरकर: समवयस्क कटाप! पण ताई, ‘स्वमदत’लाही जपा. गावाकडे स्वमदत गट म्हटलं की बचत गटच समजतात. महिन्याला किती भरायचे आणि कर्ज कधी मिळणार, हे आधी विचारतील. ‘समदुःखी गट’ करा. शब्द रुळलेला आहे, समजावत बसावं लागणार नाही.

अनामिक: मी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला जातो, म्हणून दोन शब्द. ‘समदुःखी’ वाचून हसूच आलं. आमच्याकडे लोक जेवढे हसतात तेवढे लग्नातही हसत नसतील. एकाने सांगितलं, बायकोपासून लपवायला क्वार्टर फ्लशच्या टाकीत ठेवली आणि नेमके सासरे टाकी दुरुस्त करायला आले. अख्खी खोली खिदळली, कारण टाकी निम्म्यांची ठरलेली जागा. हाच किस्सा बाहेर सांगा, लोक कीव करतील.

माझी अडचण ‘आधार’ आणि ‘मदत’ची आहे. दोन्हींत एक देणारा, एक घेणारा. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये नुकतीच दारू सोडलेल्या बिल डब्ल्यू.चा धंद्याचा व्यवहार फिसकटला, हॉटेलच्या बारकडे पाय वळू लागले. तेव्हा त्याने फोनाफोनी करून दुसरा दारुडा शोधला, ते डॉक्टर बॉब. स्वतः पिऊ नये म्हणून त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं! एए तिथूनच सुरू झालं. गरज आधी सांगणाऱ्याची, हे शब्दात आलं पाहिजे. नसेल येत तर सरळ ‘मीटिंग’ लिहा. घरी बायकोही “आज मीटिंग नाही का?” एवढंच विचारते.

शब्दवेडी: पटलं. मग ‘शेअरिंग’, ‘सोबर’, ‘रिलॅप्स’?

अनामिक: शेअरिंगला ‘अनुभवकथन’ नका करू, लगेच व्यासपीठ आणि हारतुरे येतात. ‘मन मोकळं करणं’ जवळचं. रिलॅप्सला आम्ही ‘स्लिप झाली’ म्हणतो, ‘घसरला’ही चालतं. सोबरला ‘व्यसनमुक्त’ छापतात, पण तो शब्द स्वतःला लावताना जीभ अडखळते. ‘दारू सोडली’ यात जरा फुशारकी, ‘सुटली’ यात प्रकरण मिटल्यासारखं. जुनी माणसं ‘बंद आहे’ म्हणतात. वर्षानुवर्षं बंद असली तरी ‘आहे’च.

ओंजळ: अशा गटाला इंग्रजीत ‘फेलोशिप’ही म्हणतात, तो शब्दही वगळा, विद्यापीठातून पैसे मिळतात असं वाटेल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने (स्थापना १९८६) या बाबतीत चांगले शब्द निवडलेत. उपचाराला आलेला तो ‘रुग्णमित्र’ आणि व्यसनी माणसांच्या बायकांचा गट ‘सहचरी’. नावात ना आधार, ना पीडित. जरा अवांतर: संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकटही. कौटिल्याने राज्यावरच्या आपत्तींना व्यसनच म्हटलंय. त्या हिशेबाने व्यसनी म्हणजे संकटात सापडलेला. मराठीत तो अर्थ गळाला आणि नुसता दोष उरला, हे मला फार वाईट वाटतं.

शब्दवेडी: मग मथळ्यात ‘मीटिंग’ ठेवते. खाली पहिल्यांदा येईल तिथे खुलासा: ‘दारू सोडू पाहणाऱ्यांची आणि दारू बंद असलेल्यांची नियमित बैठक.’

नागपूरकर: अहो ताई, बैठक?! आमच्याकडे “संध्याकाळी बसायचं का?” याचा एकच अर्थ होतो, आणि बैठकीला चकणा लागतो.

अनामिक: 😄 ‘एकमेकांशी बोलायला नियमित जमतात’ असं करा. ‘बसतात’ तेवढं कुठेच नको.