मदत हवी आहे: मीपमध्ये सिलिकॉन रिंग रेझोनेटर, रन संपता संपत नाही

नमस्कार मंडळी,

सिलिकॉन रिंग रेझोनेटरचं (प्रकाश गोल फिरवत ठेवणारी कडी) 3डी एफडीटीडी (प्रकाशलहरी ग्रिडवर टप्प्याटप्प्याने मोजायची पद्धत) करतोय, मीप हे सॉफ्टवेअर वापरून. वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी पट्टी) 450 × 220 नॅनोमीटर, खाली-वर दोन्हीकडे ऑक्साइड, त्रिज्या 10 मायक्रोमीटर, शेजारी एकच बस (रिंगला प्रकाश पुरवणारा वेव्हगाइड), तरंगलांबी 1550 नॅनोमीटर. बस आणि रिंगमधली गॅप 200 ते 350 नॅनोमीटर बदलत न्यायची आणि क्यू (रिंग प्रकाश किती काळ धरून ठेवते त्याचं माप) कसा बदलतो ते पाहायचं, एवढंच काम.

ग्रिड 20 नॅनोमीटर धरला तर 24 × 24 × 2 मायक्रोमीटरच्या डब्यात 14 कोटी 40 लाख सेल होतात. लॅबच्या मशीनला तेवढंही जड जातं. त्यात क्यू 1 लाखाच्या घरात असेल तर प्रकाश रिंगमध्ये 80 पिकोसेकंदांच्या आसपास टिकतो; कूरां (ग्रिडच्या मानाने टाइमस्टेप केवढा ते ठरवणारा अंक) 0.5 ला तेवढ्यासाठीच जवळपास 25 लाख टाइमस्टेप. ग्रिड निम्मा केला की मेमरी 8 पट, वेळ 16 पट. ही एका गॅपची कथा, बाकीच्या कधी करू?

इफेक्टिव्ह इंडेक्स (जाडीचा परिणाम सामावून घेणारा एकच अपवर्तनांक) घेऊन 2डीमध्ये झटपट होतं, पण कपलिंगच्या (बसमधून रिंगमध्ये किती प्रकाश जातो) त्या आकड्यावर विसंबायला मन धजत नाही. हारमिन्व्ह (थोड्याशा सिग्नलवरून क्यू काढणारं साधन) लावून लवकर थांबता येईल का, की सरळ क्लस्टर मागू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1

क्लस्टर राहू द्या. अख्खी रिंग एफडीटीडीत घालायचीच कशाला? हारमिन्व्हने वेळ वाचेल, मेमरी तेवढीच लागेल.

बस आणि अर्धी रिंग घ्या, रिंगची दोन्ही टोकं पीएमएलमध्ये (डब्याच्या कडेचा, प्रकाश शोषणारा थर) काटकोनात जाऊ द्या. पल्स एकदा जाऊन बाहेर पडतो, पिकोसेकंदभरात काम संपतं. दोन्हीकडे ऑक्साइड आहे म्हणजे उभ्या दिशेने आरसा-सममिती लावता येईल, सेल आणखी निम्मे. एवढ्यातून कपलिंग मिळालं की फेरीचा फेज आणि लॉस सूत्रात घालून क्यू काढा. वेगळ्या लॉससाठी पुन्हा रन नको. तुमच्या क्यूला कपलिंग एखाद्या टक्क्याचंच असणार, तेव्हा नुसता फ्लक्स (एकूण वाहणारी ऊर्जा) मोजू नका, मोड कोइफिशंट (वेव्हगाइडच्या ठरावीक मोडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या ठरावीक आकारात, किती प्रकाश आहे तो आकडा) काढा.

आणि लॉस मोजलेलाच घ्या. स्ट्रिप वेव्हगाइडला सेंटिमीटरला 2-3 डीबी सर्रास असतो, तो मुख्यतः भिंतींच्या खडबडीतपणातून येतो. तुमच्या गुळगुळीत भूमितीत तो नाहीच, म्हणजे पूर्ण रिंग चालवूनही प्रत्यक्षातला क्यू हाती आला नसता.

धागाकर्ता

धन्यवाद! अर्ध्या रिंगचा रन लावलाय. पण टोकाशी वाकलेल्या वेव्हगाइडचा मोड मॉनिटरवर (मोजणीसाठी ठेवलेल्या छेदावर) कसा मोजायचा?

प्रतिसाद 2

टोकाला थोडा सरळ तुकडा जोडा आणि मॉनिटर त्यावर ठेवा. 10 मायक्रोमीटर त्रिज्येला सरळ आणि वाकलेल्या मोडमधला फरक किरकोळ असतो. त्रिज्या 2-3 मायक्रोमीटरवर आणली तर मात्र पुन्हा विचारा.